चैत्राची न्हाणी

फाल्गुन सरत आलाय. होळीची राख गार झाली, रंगपंचमीचे डाग धुऊन झाले, आणि आता घरोघरी भिंती झाडणं, सारवणं, रंग काढणं चाललंय. पाडवा तोंडावर आलाय ना!

गेल्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ओटा झाला, माजघर झालं, तुळशीपुढचं अंगण झालं. आता न्हाणी तेवढी राहिली. चार फूट बाय चार फूट. हात पसरले की दोन्हीकडच्या भिंती लागतात. तिथं पाडव्याला काय सजवायचं, सांगता का?"

फोन ठेवल्यावर आम्ही सगळ्याजणी आधी हसलो. न्हाणी कुणी सजवतं का? मग बोलता बोलता एकेकीच्या आठवणी निघाल्या. आमच्यातल्या एकीनं लग्नानंतरची नऊ वर्षं गोणपाटाच्या आडोशाला अंघोळ केली आहे, तीही कोंबडा आरवायच्या आत. दुसरीच्या माहेरी तुराट्यांचा कूड होता, वर आभाळ. तिसरी म्हणाली, "आमच्याकडं न्हाणी होती, पण दाराला कडी नव्हती. सगळा वेळ डोळा दाराकडे." मग आमच्या लक्षात आलं, की ताईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. म्हणून आज न्हाणीचा इतिहास सांगतो, आणि मग सजावटीचंही सांगतो.

सुरुवात जरा लांबून करू. सिंध प्रांतात, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, मोहेंजोदडो नावाचं जुनं शहर मातीखाली सापडलं. तिथं १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी खोदकाम सुरू केलं. शहर सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. तिथल्या मोठ्या स्नानकुंडाचं चित्र आपल्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात असतं. बारा मीटर लांब, सात मीटर रुंद असं ते कुंड. पण आम्हाला त्याहून नवल वाटतं ते तिथल्या साध्या घरांचं. कितीतरी घरांत अंघोळीची वेगळी जागा होती. भाजक्या विटा एकमेकींना घट्ट भिडवून केलेली जमीन, एका कोपऱ्याकडे उतार, आणि तिथून पाणी भिंतीतून बाहेर, गल्लीतल्या गटारात. ही जागा काही फार मोठी नसायची. आज आपण गवंड्याला सांगतो, "दादा, उतार मोरीकडं दे, पाणी साचायला नको." हे सांगणं साडेचार हजार वर्षं जुनं आहे, सख्यांनो. न्हाणी लहान असणं हा दोष नाही. पाणी वाहून जायला हवं आणि आत माणूस निर्धास्त असायला हवा, एवढंच खरं.

आता आपल्या मराठी मुलखात येऊ. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' रचलं. त्यात चक्रधरस्वामींच्या रोजच्या दिनक्रमात 'मर्दना' आणि 'मादणे' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. मर्दना म्हणजे अंग चोळणं, मादणे म्हणजे अंघोळ. अंघोळ हा नुसता मळ काढायचा उद्योग नव्हता, ती सेवा होती, विसावा होता. पण हा विसावा कष्टकरी बाईच्या वाट्याला किती आला? जनाबाईची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवाच्या घरी दळणकांडण करणारी जनी. तिला केस धुवायला, विंचरायला सवड नाही, म्हणून विठ्ठल स्वतः येऊन तिची वेणीफणी करतो. कथा गोड आहे. पण तिच्यात एक खंतही आहे. घरातल्या कुणालाच तिच्या न्हाण्याची आठवण नव्हती, म्हणून देवाला यावं लागलं.

आपल्या भाषेत 'न्हाण' हा शब्द बाईच्या आयुष्याला चिकटलेला आहे. मुलीला पहिल्यांदा पाळी आली की 'न्हाण आलं' म्हणायचे. लग्नात हळद लावून नवरीला न्हाऊ घालायचं. बाळंतिणीला तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, शेक-शेगडी द्यायची. पहिल्या न्हाणाला तर मुलीला मखरात बसवायचे, फुलांनी सजवायचे, गावभर कळवायचे. सजावट होती, कौतुकही होतं. पण कोवळ्या वयात लग्न झालेल्या त्या पोरीला, आपली खाजगी गोष्ट अशी चव्हाट्यावर आलेली बघून काय वाटत असेल, हे कुणी विचारलं नाही. मखर चार दिवसांचं. ते उतरलं की ती पुन्हा आडोसा शोधायला लागायची.

ज्यांच्याकडे वाडे होते, त्यांच्याकडे न्हाणीघर होतं. दगडी फरशी, कडेला चुलाणं, त्यावर पाण्याचा हंडा, शेजारी तांब्यापितळेचं घंगाळ. पुढं तांब्याचे बंब आले. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी पुण्यात पाणी आणलं. ते शनिवारवाड्यात गेलं, तसं शहरातल्या हौदांतही आलं. पण हौदावर पाणी आलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं असं नाही. जातीनं वाट अडवलेली होती. म्हणून जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या राहत्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. आणि २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरून पाणी घेतलं. तारीख लक्षात घ्या, सख्यांनो. तोही वसंतच होता. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी बायांना स्वच्छ राहायला, नीट नेसायला, ताठ मानेनं चालायला सांगितलं. स्वच्छ राहायचं तर पाणी हवं, आणि पाण्याची वाट मोकळी हवी. न्हाणीचा इतिहास सांगताना पाण्याचा हा लढा सोडून पुढं जाता येत नाही.

बाकी गावगाड्यातल्या बहुतेक बायांची न्हाणी म्हणजे काय होती? नदीचा घाट, विहिरीची कड, परसातला एक सपाट दगड. लुगडं नेसूनच अंघोळ करायची. ओल्या लुगड्यातच अंग चोळायचं, कोरडं नेसताना ओलं सोडायचं. हे कसब आपल्या आज्यांच्या अंगवळणी पडलेलं. टाच घासायला वजरी, केसांना शिकेकाई नाहीतर रिठा, अंगाला डाळीचं पीठ. आणि वेळ? पहाटेची, नाहीतर अंधार पडल्यावरची. पुरुष दिवसाढवळ्या विहिरीवर बादल्या ओतून घ्यायचे. बाईला मात्र उजेड चालत नव्हता.

मग गिरण्यांचा काळ आला. कोकणातली, घाटावरची माणसं मुंबईला गेली. मुंबईत १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. चाळीतल्या अशा खोलीच्या कोपऱ्यात मोरी असायची. तीन-चार फुटांचा चौकोन, कडेनं वीतभर उंचीचा कठडा, कोपऱ्यात पाणी जायला भोक. तिथंच भांडी घासायची, तिथंच तांदूळ धुवायचे, तिथंच पोरांना न्हाऊ घालायचं. आणि तिथंच दोरीवर जुनं लुगडं टाकून, घरातली माणसं बाहेर काढून, बाईनं अंघोळ उरकायची. आपल्यातल्या कितीजणींच्या आज्यांनी त्या मोरीत संसार केला असेल. पण त्याच बायांनी मोरीवर मांडणी ठोकून पितळेची भांडी चिंचेनं लखलखीत घासून लावली. दारात जागा नाही म्हणून मोरीच्या कठड्यावर रांगोळीची दोन बोटं ओढली. जागा लहान होती, हौस लहान नव्हती.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? गाडगेबाबांनी आयुष्यभर खराटा हाती धरून गावं झाडली होती. त्यांच्याच नावानं २००० साली आपल्या राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. पुढं २०१४ साली स्वच्छ भारत अभियान आलं आणि संडास बांधायला घरटी १२ हजार रुपये मिळू लागले. ते गरजेचंच होतं. पण न्हाणी? २०११च्या जनगणनेत अंघोळीच्या सोयीचीही मोजणी झाली. ग्रामीण भारतातल्या शंभर घरांमागं जवळपास ५५ घरांत अंघोळीची काहीच सोय नव्हती. सुमारे २० घरांत नुसता आडोसा होता, वर छप्पर नाही. छप्पर असलेली खरी न्हाणी फक्त पंचवीसएक घरांत. संडासाची चर्चा गावसभेत झाली, भिंतीवर रंगली, टीव्हीवर आली. न्हाणीची झाली नाही. कारण त्या आडोशाला कोण कसं उरकतं, हे बाईनं कधी बोललं नाही आणि तिला कुणी विचारलं नाही.

न्हाणी ही घरातली एकच जागा, जिथं बाई दार लावून एकटी असू शकते. स्वयंपाकघर सगळ्यांचं. माजघरात सासूबाई, ओट्यावर पाहुणे. न्हाणीत मात्र पाच मिनिटं ती आणि तिचं अंग. अंगावर गाठ आहे का, पुरळ आहे का, मार लागलाय का, हे ती तिथंच बघते. पाळीच्या दिवसांत धुणं, बदलणं तिथंच होतं. कधी रडायचं असेल तर नळ सोडून तिथंच रडते. म्हणून चार बाय चारची न्हाणी सजवायची म्हणजे आपली जागा आपली म्हणायची.

आणि न्हाणी सजवणं ही काही शहरी टूम नाही बरं का. ती आपलीच जुनी रीत आहे. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी कोकणात आणि गोव्यात न्हाणी घासून स्वच्छ करतात, हंडा लखलखीत करून पाणी भरतात, हंड्याला कारिटाच्या वेलीची नाहीतर फुलांची माळ घालतात. पहाटे पाटाभोवती रांगोळी, शेजारी पणती, मग अभ्यंगस्नान. पाडव्यालाही सकाळी तेल लावून न्हायची चाल आहे, पाण्यात कडुनिंबाची पानं टाकायची. म्हणजे सणाची सुरुवात गुढीनं नाही, न्हाणीनं होते. पण दिवाळीत न्हाणीला मान आणि पाडव्याला नाही, असं का?

चैत्रात आपल्याकडे चैत्रगौर बसते. शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत महिनाभर तिचं माहेरपण. आंब्याची डाळ, पन्हं, हळदीकुंकू. आणि अंगणात चैत्रांगण. त्या रांगोळीत काय काय असतं ते आठवा. पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, कासव, कमळ, गोपद्मं, तुळशीवृंदावन... आणि त्यातच फणी, करंडा आणि आरसा. माहेराला आलेल्या गौरीला न्हाऊन नटायला लागणाऱ्या वस्तू आपल्या आज्यांनी सूर्यचंद्रांच्या रांगेत बसवल्या. देवाच्या शंखचक्रांइतकीच बाईची फणी त्यांना मोलाची वाटली. म्हणून फोन केलेल्या त्या ताईंना आमचं सांगणं आहे, की यंदा चैत्रांगणाचा एक तुकडा न्हाणीत न्या.

आता कसं करायचं ते सांगतो. खर्च थोडा, कष्ट एका सुट्टीच्या दिवसाचे.

पहिली गोष्ट चुना. चैत्रात ऊन कडक असतं, न्हाणीच्या भिंती पावसाळ्याआधी पुरत्या वाळायला हाच महिना बरा. आधी भिंत खरवडून घ्या, दोन दिवस कोरडी ठेवा. अंघोळीची सोय तेवढी शेजारी करा. कळीचा चुना पाण्यात टाकला की खदखदतो, म्हणून पोरांना लांब ठेवा, डोळ्यांत उडू देऊ नका. रात्रभर मुरू द्या, सकाळी फडक्यातून गाळा. त्यात मूठभर मीठ आणि थोडा डिंक घातला तर हाताला पांढरं कमी लागतं. पातळ दोन हात द्या, जाड एक देऊ नका. चुना हवा लागून कडक होतो, आणि त्याच्या तिखटपणामुळं बुरशी लवकर धरत नाही. शिवाय पांढऱ्या भिंतीवर उजेड परततो आणि चार फुटांची खोली मोकळी वाटायला लागते.

दुसरी गोष्ट गेरू. पाणी उडतं त्याच्या वर, खांद्याच्या उंचीवर, गेरूची दोन बोटं रुंद पट्टी ओढा. पट्टीच्या वर चैत्रांगणातली पाच-सहा चित्रं काढा. फणी, करंडा, आरसा, कासव, कमळ, आणि एक पाळणा. लहान जागेत सगळ्या भिंती भरू नका, एकच भिंत रंगवा. बाकीच्या तीन पांढऱ्याच ठेवा. चित्र काढायला लेकीला, सुनेला, शेजारणीलाही बोलवा. आपल्या आज्या जे जमिनीवर काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी झाडून टाकायच्या, ते भिंतीवर वर्षभर राहील.

तिसरी गोष्ट उजेड. पत्र्याच्या नाहीतर कौलांच्या छपरात एक काचेचं कौल, नाहीतर पारदर्शक पत्र्याचा तुकडा बसवला, की दिवसा दिवा लागत नाही. खिडकी असेल तर ती डोक्याच्या वर हवी, म्हणजे वारा येतो आणि नजर येत नाही. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लहान आरसा लावा. उजेड दुप्पट होतो. अंग बघायलाही तो उपयोगी पडतो.

चौथी गोष्ट जागा मोकळी करणं. जमिनीवर बादली, तांब्या आणि बसायचा पाट किंवा दगड, एवढंच. बाकी सगळं भिंतीवर. भिंतीत कोनाडा असेल तर त्यात साबण, शिकेकाई, वजरी. नसेल तर कोपऱ्यात फळीचा त्रिकोणी तुकडा बसवा. दोन खुंट्या कोरड्या कपड्यांना, एक दोरी ओल्यांना. पाळीचे कपडे मात्र न्हाणीच्या अंधारात वाळवू नका. ते उन्हात वाळायला हवेत. लाज वाटत असेल तर वर पातळ ओढणी टाका, पण ऊन लागू द्या.

पाचवी गोष्ट पायाखालची. शेवाळ धरलेल्या फरशीवर कितीही रांगोळी काढली तरी पाय घसरणारच. राख आणि काथ्यानं घासून काढा. नवी फरशी घालायची असेल तर गुळगुळीत नको, खरबरीत शहाबादी बरी. एक तांब्या पाणी ओता आणि बघा. ते सरळ मोरीकडे गेलं तर उतार बरोबर आहे. कुठं साचलं, तर आधी तेवढा भाग दुरुस्त करा. फरशीच्या दुकानाबाहेर फुटक्या तुकड्यांचा ढीग पडलेला असतो. रंगीत तुकडे मागून आणा आणि मोरीच्या कठड्यावर सिमेंटात बसवा. धार पालथी, गुळगुळीत बाजू वर. दिसायलाही छान आणि धुवायलाही सोपं.

सहावी गोष्ट बाहेरची. न्हाणीचं पाणी जिथं पडतं तिथं आपल्या आज्या अळू लावायच्या, कर्दळ लावायच्या, केळ लावायच्या. पाणी वाया जात नव्हतं, चिखल होत नव्हता, आणि वडीला पानंही मिळायची. कर्दळीची लाल-पिवळी फुलं ही न्हाणीची बाहेरची सजावटच होती. यंदा एक कांदा लावून बघा. पाणी साचू मात्र देऊ नका, डास होतात.

आणि सातवी गोष्ट दाराची. पाडव्याला घराच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधाल, तेव्हा त्यातली पाच पानं आणि कडुनिंबाची एक डहाळी न्हाणीच्या दारालाही बांधा. पण त्याआधी एक काम करा. दाराला आतून कडी आहे का, बघा. असेल तर ती नीट लागते का, बघा. नसेल तर सजावटीच्या पैशातून आधी कडी आणा. जिथं दारच नाही, तिथं जाड पडद्याला खाली काठी शिवा, म्हणजे वाऱ्यानं उडणार नाही. आणि पुढच्या महिला सभेत विषय मांडा, की घरकुल मागताना, बांधताना न्हाणी धरूनच नकाशा करा. नंतर उरलेल्या पत्र्यात, उरलेल्या जागेत ती होत नाही.

आमच्यातली जी नऊ वर्षं गोणपाटाआड न्हायली, तिनं पुढं घर बांधताना नवऱ्याला सांगितलं, "देवघर लहान झालं तरी चालेल, न्हाणीला कडी पाहिजे." लोक हसले. आज तिच्या न्हाणीच्या भिंतीवर तिच्या लेकीनं काढलेली फणी आणि कासव आहे. लेक अंघोळीला गेली की आतून गाण्याचा आवाज येतो. ती सांगते, "मी त्या नऊ वर्षांत न्हाताना एकदाही गाणं म्हटलं नाही, आवाज बाहेर जाईल म्हणून."

तर सख्यांनो, यंदा गुढी उभारायच्या आधी न्हाणी उजळा. काय काय केलंत, ते गटाच्या बैठकीत सांगा आणि आम्हालाही फोन करून कळवा. तुमच्या आज्यांच्या न्हाणीच्या आठवणी असतील, तर त्याही सांगा. आपला हा इतिहास फारसा कुणी लिहून ठेवलेला नाही. तो आपणच सांगायचा आहे.

पाडव्याच्या तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा. पुन्हा भेटू. नमस्कार.